पाहुण्याचं गाणं

शुक्रवार, ६ सप्टेंबर २०२४

डायरी जुन्या सालाची आहे, साइटवरच्या डिझेलवाल्याने फुकट दिलेली. छापलेल्या तारखा खोडून लिहितोय. आठवी नापास माणसाने डायरी लिहायची म्हणजे जरा जास्तच, पण मित्र कामरान म्हणतो, "साई, गाणी करायची तर रोज चार ओळी लिहायची सवय लाव. बसल्याशिवाय सुचत नाय." राजस्थानातल्या बाडमेरहून निघाल्यापासून गाडीत वही मांडीवर उघडी ठेवून बसलो. सुचलं काही नाही. शेजारच्या बाईने विचारलं, परीक्षा आहे का.

दुपारी कळंबच्या नाक्यावर टमटममधून उतरलो, घरी चालत आलो. दारात आमचाच काळ्या माझ्यावर भुंकला. थांबेच ना. समोरच्या ओटीवर दोघंतिघं बसलेली, ती हसली. लाज वाटली. आईने आतून आवाज दिला, "अगं नम्रता, खुर्ची पूस, साई आला." नम्रताने, माझ्या बायकोने, पदराने खुर्ची पुसली. मी बसलो. पाय धुतले आणि टॉवेल मागितला.

"जिथं असतो तिथं हाय," ती म्हणाली.

कुठे असतो ते मला आठवेना. तिनेच माझ्या पाठीमागच्या खिळ्यावरून काढून दिला.

तिच्यासाठी पंजाबी ड्रेस आणला होता. तिने घालून दाखवला. खांद्यावरून घसरत होता. ती वाळली आहे. फोनवर रोज बोलतो, चेहराही बघतो, पण हे कळलं नव्हतं.

जानेवारीत आम्हाला मुलगी झाली होती. लोधिवलीला, तिच्या माहेरी. बारशाला मला सुट्टी मिळाली नाही, बदली ऑपरेटर नव्हता. म्हटलं शिमग्याला जाऊ, एकदम पंधरा दिवस. तीन आठवड्यांची होऊन ती गेली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं, पाळणासुद्धा माळ्यावर गेला होता. हा विषय घरात कोणी काढत नाही. मीही काढत नाही. काढून काय होणार.

१२ सप्टेंबर

आज गौरी गेल्या. आणि मला गाणं मिळालं.

गौर उठायच्या आधी दुपारी आमच्या अंगणात बायकांचा फेर असतो. आळीतल्या सगळ्या येतात. तेवढा वेळ पुरुषांनी तिथे थांबायचं नाही, तशी रीतच आहे. फेरात बायका कोणाचीही चेष्टा करतात. सासूची, सरपंचाची, दुकानदाराची. सासू पण त्याच फेरात नाचत असते आणि हसते. फेर मोडला की त्यातलं कोणी बाहेर बोलायचं नाही.

मी पडवीमागे गणपतीच्या माळेची वायर जोडत होतो. आईने बघितलं. "जा रं तिकडं. बायकांचं हाय ते."

"मी कुठं बघतोय? वायर जोडतोय."

"कान हायत ना तुला?"

गेलो नाही. पडवीच्या कुडाला टेकून उभा राहिलो. एक बाई पुढे म्हणत होती आणि बाकीच्या झेलत होत्या.

पाहुणा आला गं, खुर्ची पुसा
पाहुण्याला इचारा, हाय कसा

पाहुण्याला ठावं नाय मिठाचा डबा
दारातला कुत्रा म्हनं, कोण रं बाबा

पाहुणा बसला गं टावेल मागं
टावेल टांगला त्याच्याच मागं

काय हसत होत्या. शेजारची संजनावहिनी तर खाली बसलीच, तिचं हसणं मला शंभर माणसांत ओळखू येतं. मी पण तोंडावर हात धरून हसलो. ताल असा की पाय आपोआप उचलतो. शेवटचं कडवं मात्र पडलं.

पाळणा टांगला, पाहुणा नाय
पाळणा काढला, पाहुणा नाय

त्यावर कोणी हसलं नाही. झेललंही नाही कोणी धड. मग आईनेच घाईने दुसरं गाणं धरलं. जुन्या गाण्यांचं असंच असतं, एखादं कडवं कुठून तरी दुसरीकडचं चिकटलेलं असतं. पुढे म्हणणारी कोण ते दिसलं नाही. आवाज ओळखीचा वाटला, पण लागला नाही.

संध्याकाळी नम्रता कपड्यांच्या घड्या घालत होती. विचारलं, "ते पाहुण्याचं गाणं कुणाचं गं?"

"बायकांचं."

"जुनं हाय?"

"असंल."

मग तिने घडी मांडीवर ठेवली. "तुमी ऐकलंत?"

"सगळं. कोणाला सांगू नको."

"आवडलं?"

"लई. असा पाहुणा प्रत्येकाच्या घरी येतो बघ. नेमका धरलाय."

"हसलात?"

"पोट धरून."

तिने मांडीवरची घडी बाजूला ठेवली. मग उरलेल्या घड्या घातल्या आणि दिवा लावायला गेली. मला वाटलं, मी बायकांचं ऐकलं म्हणून रागावली.

१५ सप्टेंबर

परतीची गाडी कर्जतहून. आधी कामरानकडे. खाली त्याचं साउंडचं दुकान, वर त्याची खोली. भिंतींना जुन्या गाद्यांचे फोम ठोकलेत, तोच स्टुडिओ. लग्नात वाजवायची गाणी तो तिथेच करतो. माझी दोन गाणी आधी केली, दोन्ही माझ्याच तीन मित्रांनी ऐकली. चौथ्या मित्रानेही ऐकलं नाही असं कामरान म्हणतो.

त्याला पाहुणा म्हणून दाखवला. तो टेबलावर बोटं वाजवायला लागला. "हे कुणाचं?"

"असंच. जुनं. बायका म्हणतात."

"जुनं म्हणजे कुणाचं नाय. भाई, हळदीत हे फुटणार."

खाली त्याची अम्मी हलिमाचाची चहा करत होती. चहा देताना म्हणाली, "बायकांकडचं गाणं तू कसं ऐकलंस रं? आमच्यात तर मर्दाला आतल्या खोलीत येऊ देत नाय."

मी म्हटलं, वायर जोडत होतो.

"वायर," ती म्हणाली आणि चहा ओतत राहिली.

रविवार, ३ नोव्हेंबर. बाडमेर.

दिवाळीला साइट बंद नव्हती. इथे सगळीकडे वाळू, खड्डा खणला की बाजूने भरत येतो. दिवसभर पोकलेन चालवायची आणि संध्याकाळी कंटेनरमध्ये येऊन झोपायचं. मी एका जागी टिकणारा माणूस नाही. कर्जतला टिकलो नाही, पनवेलला नाही, सुरतेला नाही. इथेही दोन वर्षं झाली, आता पाय वळवळतात. वाटतं, एक गाणं चाललं की झालं, मग मशीनवर बसायचं नाही.

वही उघडतो आणि स्वतःचं काही लिहायला बसतो. दर वेळी पाहुणाच येतो. आज जेवणाच्या सुट्टीत इंजिन बंद करून, केबिनची काच लावून, मोबाइलवर गायलो. काच लावली की केबिनमध्ये बाहेरचा आवाज अजिबात येत नाही. कामरानला पाठवलं.

त्याचा फोन आला. "आवाज मस्त. पण पाळण्याचं काढ. पाळणा काढला वगैरे, लग्नात असलं चालतं का? अपशकुन."

"मग तिथं काय घालू?"

"सुचव की. गीतकार ना तू?"

काढून टाकायचं जिवावर आलं, कारण ती चाल तिथे खाली उतरते आणि छान उतरते. म्हणून फिरवलं.

पुढल्या साली गं पाळणा टांगा
पाहुण्याला आता बारशाला सांगा

लिहिताना हात थांबला. आमचं आठवलं. मग म्हटलं, गाण्यात प्रत्येक ठिकाणी घरचंच आठवत बसलं तर माणूस लिहिणार कसा. पाठवून दिलं. कामरानने हसण्याची चित्रं पाठवली, ओळीने सात-आठ. मला खरंच बरं वाटलं. एवढी एक जोडी माझी स्वतःची आहे.

१९ जानेवारी २०२५

गाणं बाहेर आलं. कामरानने विचारलं होतं, गीत कोणाचं लिहू, पारंपरिक का? मी म्हटलं, हो. फोन ठेवला. परत लावला आणि म्हटलं, माझं नाव टाक. तो म्हणाला, ठीक आहे. मी का ते सांगायला लागलो, की अर्धं तर मी बदललंच आहे, चाल पण जलद केली. तो म्हणाला, "अरे मी कुठं काय विचारलं?"

आईला फोन केला. आई म्हणाली, "ऐकलं. गजाच्या मोबाइलवर." गजा माझा मेव्हणा, लोधिवलीहून आला होता. "मग?" म्हटलं. "काय मग? जेवलास का?"

नम्रताला दिला फोन. ती म्हणाली, "तुमचं नाव मोठं दिसतं त्याच्यावर."

१० फेब्रुवारी

नेरळ, खोपोली, चौक, सगळीकडे वाजतंय. पेणहून कोणीतरी नाचाचा व्हिडिओ टाकलाय, त्यात आजोबा खुर्ची डोक्यावर घेऊन नाचतात. आता गाणं लागलं की लोक खुर्च्या पुसतात, तशी पद्धतच पडली. साइटवरचे बिहारी पोरगेही 'खुर्ची पुसा' म्हणत माझी सीट पुसतात.

नम्रता फोनवर कमी बोलते. म्हणते, काम आहे. आज तिच्या मुलीला जाऊन वर्ष झालं. मुलगी माझीही होती. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. परत लावला नाही. काय तोंडाने लावणार होतो?

रविवार, ९ मार्च

आज माझी मुलाखत झाली. कर्जतची एक मुलगी, प्रिया, मोबाइलवर आपल्याकडच्या कलाकारांच्या मुलाखती दाखवते. मी कंटेनरमागे उभा राहिलो, मागे पोकलेन दिसेल असा.

तिने विचारलं, "साईराजदादा, सगळ्यांना एकच प्रश्न आहे. तुम्हाला हे सुचतं कुठून?"

मी बोलायला लागलो आणि बोलतच राहिलो. म्हटलं, इथे दूर एकटा असतो. मशीनच्या आवाजात ताल सापडतो. घराची आठवण येते, त्या आठवणीतून शब्द येतात. पाहुणा मला इथे वाळूत दिसला.

"किती सुंदर," ती म्हणाली. "म्हणजे हा पाहुणा कोणी खरा माणूस आहे का?"

"नाही नाही, काल्पनिक आहे," मी म्हटलं. काल्पनिक हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला.

बोलताना मला माझंच पटत होतं. मशीन बंद असताना गायलो, ताल कुठला सापडणार? फोन खिशात ठेवला आणि टाकीवर जाऊन तोंड धुतलं. आणि पुन्हा एकदा धुतलं.

१२ मार्च

नम्रताने मुलाखत बघितली. म्हणाली, "वाळूत दिसला होय?"

मी म्हटलं, "बोलावं लागतं तसं."

"बरं," ती म्हणाली.

मंगळवार, २९ एप्रिल. लोधिवली.

गजाची हळद. सासऱ्यांच्या, येसाजीमामांच्या दारात मांडव. कामरानचाच साउंड. नम्रता आठ दिवस आधीपासून इथे, मी आज सकाळी साइटवरून थेट आलो. आई, संजनावहिनी आणि आमच्या आळीतल्या आणखी चारपाच बायका टेंपोने आल्या.

हळद लावून झाल्यावर कामरानने माझं नाव माइकवर घेतलं आणि गाणं लावलं. पोरांनी मला खांद्यावर उचललं. वरून सगळा मांडव दिसत होता. सगळे नाचत होते, फक्त आमच्या आळीच्या बायका उठल्या नाहीत. एका रांगेत खुर्च्यांवर हात मांडीत घेऊन बसलेल्या. मला राग आला. बाहेरची माणसं डोक्यावर घेतात आणि घरच्यांना किंमत नाही.

पण नम्रता नाचली. तिच्या आतेबहिणीने ओढली तिला. आधी नको म्हणत होती. मग पाळण्याचं कडवं आलं, पुढल्या साली गं पाळणा टांगा, आणि तिने हात वर केले आणि अशी नाचली की बाकीच्या बाजूला झाल्या. बारशाला सांगा, बारशाला सांगा, कामरानने ती ओळ मुद्दाम चारदा फिरवली. ती चारही वेळा नाचली. हळदीने तोंड पिवळं, डोळे उघडे, घराच्या दाराकडे बघत. दाराच्या आत ओटीच्या वाशाला दोन लोखंडी कड्या आहेत, तिथे येसाजीमामा उभे होते. ते आत निघून गेले. म्हातारा माणूस, आवाज सहन होत नसेल.

मला बरं वाटलं. म्हणजे राग गेला तिचा.

गुरुवार, १ मे

काय लिहू.

काल लग्न लागलं. आज आम्ही टेंपोने घरी निघालो. नम्रता म्हणाली, मी राहते चार दिवस. आई पुढे बसली, मी मागे बायकांत. मी सहज म्हटलं, "वहिनी, तुमी कोणी नाचलात नाय. गाणं तर तुमचंच."

संजनावहिनी म्हणाली, "आमचं नाय."

"फेरातलंच ना? जुनं."

"कोण म्हणालं जुनं?"

"नम्रता म्हणाली."

"तिनं काय, हो, जुनं हाय असं म्हटलं?"

आठवलं. असंल म्हणाली होती.

वहिनीने पदर तोंडावरून काढला. "भावजी, तुमी येडे हाव का तसं दाखवता? ते तिनं केलंय. शेण काढताना एकेक ओळ म्हणून दाखवायची मला. टावेलचं तर तुमी आलात त्याच आठवड्यात घातलं. पाळण्याचं मी म्हटलं होतं नको घालू, रडशील. ती म्हणाली, फेरात नाय म्हटलं तर कुठं म्हणू?"

दुसऱ्या बायका बाहेर बघत होत्या. त्यांना सगळ्यांना माहीत होतं. आईलाही. आईने तर त्या दिवशी दुसरं गाणं धरलं होतं.

खुर्ची, कुत्रा, टॉवेल. माझ्याच वहीत पहिल्याच पानावर मी लिहून ठेवलंय सगळं, माझ्या हाताने. आणि मी सगळ्या जिल्ह्याला खांद्यावर बसून ऐकवलं. हसा, पाहुण्याला हसा.

त्याहून वाईट ते पाळण्याचं. त्या वाशाच्या कड्या, पाळण्याच्या. त्याच मांडवात.

कळलं नव्हतं असं लिहिलं असतं, पण ते खरं नाही. लिहिताना हात थांबला होता, हे मी लिहूनच ठेवलंय. मलाच कळून घ्यायचं नव्हतं. आणि तिचा आवाज. कुडाच्या त्या बाजूला दोन हातांवर होती. लग्नाला चार वर्षं झाली आणि मला माझ्या बायकोचा गायचा आवाज माहीत नाही.

३ मे

लोधिवलीला गेलो. ती मागच्या दारी मांडवाची भांडी घासत होती. येसाजीमामांनी मला बघून खुर्ची पुढे केली. मी जमिनीवर बसलो. ते म्हणाले, "वर बसा, जावई," आणि आत गेले.

तिच्याजवळ गेलो. म्हटलं, "मला म्हायती नव्हतं ते तुझं हाय."

"बरं."

"तू सांगायचं होतंस. त्याच दिवशी."

"काय सांगू? तुमी पोट धरून हसलात." पातेलं उलटं केलं तिने. "मला वाटलं होतं, ऐकलं तर कळंल. फेरात म्हणूनच घातलं होतं, तिथं कोणाचं नाव नसतं. तुमी कुडामागं हाव ते मला दिसत होतं."

म्हणजे तिला माहीत होतं. माझ्यासाठीच म्हणाली होती ती.

मी म्हटलं, "मी सगळ्यांना सांगतो. प्रियाला परत बोलावतो, तुझं नाव सांगतो. गाण्यावर तुझं नाव टाकतो."

तिने पहिल्यांदा वर बघितलं. "टाका. मग लोक इचारतील, बाई, तुमाला हे सुचतं कुठून. काय सांगू? नवरा दाखवू का पाळणा?"

"मग काय करू?"

"मला काय इचारता? गीतकार तुमी."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती हसत म्हणाली, आणि तिचे हात थांबले नाहीत. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "गाण्याचं जाऊ द्या. मला आता ओळच येत नाय. शेणात हात घातला की यायची. आता एक शब्द आला की त्याच्यामागं तो बाजा वाजतो. तुमचा आवाज येतो."

मी उठून भांडी घासायला घेतली. तिने नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. राख कुठे ठेवलीय ते मला सापडेना आणि विचारायची हिंमत झाली नाही.

६ मे

कामरानकडे. त्याला सगळं सांगितलं. पाळण्याचंही.

"मी चारदा फिरवली ती ओळ," तो म्हणाला.

"तुला कुठं म्हायती होतं?"

"तुला होतं ना?"

त्याने गाणं त्याच्या चॅनेलवरून काढलं, माझ्यासमोर. त्यातून त्याला पैसे सुटायला लागले होते, त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. पण तो म्हणाला, याने काही होत नाही, पन्नास जणांनी आपापलं लावलंय. आम्ही जिना उतरलो तर समोरच्या रिक्षात तेच चाललं होतं. रिक्षावाला मला ओळखून हसला आणि फडक्याने सीट पुसली.

हलिमाचाची दुकानात बसून ऐकत असणार. तिने आज चहा विचारला नाही.

२० मे

साइटवर फोन करून सांगितलं, येत नाही. मुकादम म्हणाला, गाण्यात पैसा लागला का? हो म्हटलं. आणखी एक खोटं, पण हे सोपं होतं.

खालापूरला बंगल्यांचे प्लॉट पाडतात तिथे पोकलेनवर लागलो. पगार कमी. डोंगर खरवडायचा आणि सपाट करायचा. तिथल्या पोरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. "दादा, नवीन काय?" "काय नाय." "सुचत नाय का?" मी म्हटलं, मला कधी सुचलंच नाही. त्यांना तो मोठेपणा वाटला.

८ जून

नम्रता येऊन आठवडा झाला. मी आणायला गेलो नव्हतो. आईने एकटीने भाताच्या रोपांच्या जागेची राब भाजणी उरकली होती, आता पेरणीला हात हवेत म्हणून आली. तसं तिने सांगितलंच, "आईंसाठी आले."

रोज संध्याकाळी घरी येतो. पाणी स्वतः घेतो. मिठाचा डबा, हळदीचा डबा, टॉवेल, काड्यापेटी, सगळं कुठे असतं ते आता माहीत आहे. पण हे शिकलो म्हणून कोणाला दाखवायला गेलो की मलाच कसंतरी होतं. काल जेवताना उठून मीठ आणलं तर आई म्हणाली, "आता बस कर रं. मीठ मीठ करून राह्यलाय." नम्रता हसली. आईकडे बघून हसली.

एक गोष्ट लिहायला नको वाटतं, पण लिहितो. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लवकर आलो. ती मागे गोठ्यात होती. गुणगुणत होती, शब्द नव्हते, नुसती चाल चाचपत होती. माझी चप्पल वाजली आणि थांबली. मी परत ओढ्यापर्यंत गेलो आणि अंधार पडल्यावर आलो. आईने विचारलं, उशीर का? काम होतं म्हटलं.

आता येताना नाक्यापासूनच मोटारसायकलचा हॉर्न वाजवत येतो. तिला थांबायला वेळ मिळावा म्हणून. ही काय जगायची रीत झाली? पण दुसरी सुचत नाही.

शुक्रवार, ११ जुलै

आज आमच्या खालच्या खाचरात लावणी. कामावर दांडी मारली. आळीतल्या सगळ्या बायका आल्या, एकमेकींच्या शेतात जातात तशा. मी रोपांच्या मुठी उपटून, बांधून, पाठीवरून आणून त्यांच्यामागे टाकत होतो. दुपारपर्यंत कंबर मोडली. मशीनवर बसून बसून कंबर राहिलीच नव्हती.

बायका गात होत्या, खरोखरची जुनी गाणी. मी जवळ आलो की जरा आवाज पडायचा, लांब गेलो की चढायचा. मला ते समजत होतं. मुठी टाकायच्या आणि मागे न बघता बांधावर जायचं, असं सकाळपासून चाललं होतं.

जेवणानंतर एक गाणं संपलं. थोडा वेळ नुसता चिखलाचा आवाज. मग एकीने धरलं. पहिल्या शब्दाला ओळखला आवाज. माझ्या दोन्ही हातांत मुठी होत्या, मी खाचराच्या मधोमध, गुडघाभर चिखलात.

नवीन होतं. बाकीच्या बायकांना पण नवीन होतं, कारण झेलताना अडखळत होत्या आणि हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या ओळीला कळलं की कोणावर आहे. तिसरीला संजनावहिनी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मला म्हणाली, "भावजी, मुठी आना की. का कान दुखतात?"

सगळ्या हसल्या. आई सर्वांत मोठ्याने. मला तोंड कुठे लपवू असं झालं, कान तापले. पहिला विचार आला की बांधावर जावं, नाक्यावर जावं, गाडी पकडून कुठेही जावं. दुसरा विचार आला तो याहून वाईट. चाल चांगली आहे, असं वाटलं. आणि हात खिशाकडे गेला. खिशात मोबाइल नव्हता, घरी ठेवून आलो होतो, नाहीतर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही.

त्या ओळी चांगल्या होत्या. मी आजवर केलं त्या सगळ्याहून चांगल्या. अजून तोंडपाठ आहेत. इथे लिहीत नाही.

"आणतो," म्हटलं आणि चिखलातून त्यांच्या रांगेपर्यंत गेलो. नम्रता वाकलेली होती. तिच्या हातातली रोपं संपली होती. तिने वर न बघता हात मागे केला. मी मूठ दिली. तिने ओळ मध्ये तोडली नाही.